दुसरा अज्ञातवास

नेरूळ,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

शमीवाडीच्या पांडवांच्या देवळात चूल सांभाळणारे बल्लव यांस,

नमस्कार. तुमच्या नावाची जागा रिकामी ठेवलीय, ती विसरून नव्हे. देवळाचं बघणाऱ्या काशीबाईंनी फोनवर बजावलंय, "शेवटच्या महिन्यात घरचं एक पत्र चालतं. पण आत नाव नको. मी उघडून बघणार नाही, पण पांडव बघतात." तेव्हा देवळानं दिलेल्या नावानंच लिहिते. विराटाच्या घरी आचारी होऊन राहताना भीमानं जे नाव घेतलं ते तुमच्या वाट्याला यावं, याचं मला अजून हसू येतं. चोवीस वर्षांत ज्यांनी चहाचं आधण कधी ठेवलं नाही, ते म्हणे दोनशे पानांची आमटी करतात!

तब्येत कशी आहे? डोंगरात आता सकाळी गारठा पडत असेल. कंबर धरत असेल तर काशीबाईंकडून शेकायला वीट मागून घ्या, लाजू नका.

इकडे आम्ही दोघी ठीक. राजलक्ष्मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. वजन वाढलंय, रागही वाढलाय, दोन्ही माझ्यावर गेलंय म्हणते. गणपतीच्या आदल्या दिवशी बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली ती अजून तशीच आहे. सोसायटीत रोज मीटिंग होते आणि रोज सगळे जिने चढून घरी जातात. खालची रंजिता परवा भरलेलं ताट घेऊन आली. "तुजा घो कवा येनार हाय गो? दसऱ्याला ना? मंग मी त्याला पापलेट तलून देनार, सांगून ठेवतंय," म्हणाली. मी म्हटलं, अगं तिथं दोन वर्षं कांदासुद्धा पोटात गेलेला नाही त्यांच्या. तर म्हणते, "मंग त जास्तच खाल!"

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट. मी भाकऱ्यांचं काम धरलंय. तुमच्याच हमालांच्या टोळीला रोज सकाळी वाशीला मार्केटात डबे जातात. ज्योतिबा तात्यांनीच सुचवलं. मुकादम असले तरी पहिल्या दिवशी स्वतः गाळ्यावर उभं राहून सगळ्यांना जेवायला घातलं त्यांनी. आता भाजायला मदतीला एक बाई ठेवलीय. तात्या दर आठवड्याला विचारतात, "वहिनी, टेम्पो सांगू ना दसऱ्याला? गुलाल, हार, सगळी टोळी येतो आम्ही." मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्यांना वाटतं मी लाजतेय.

याच तात्यांनी शमीवाडीचं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तुम्ही पलंगावर आडवे होता. ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. त्यांचं आजोळ ते. ते सांगत होते, "पांडव एक वर्ष तिथं लपून राहिले होते वहिनी. काळ्या दगडाचं देऊळ आहे, चुन्याचं बोटसुद्धा न लावता रचलेलं. पाच कोनाड्यांत पाच मूर्ती, एकीलाही तोंड कोरलेलं नाही, ओळखू येऊ नयेत म्हणून. सहावी द्रौपदी, तिच्या हातात फणी. राणी असून दुसरीच्या वेण्या घालायची ना ती. ज्याला बाटली सोडायची तो दसऱ्याला तिथं जाऊन अज्ञात धरतो. हत्यार मागच्या शमीला बांधायचं, नाव देवाकडं द्यायचं, जन्मात केलं नाही ते काम करायचं. वर्षभर. घरच्यांनी यावं, लांबून बघावं. हाक मारायची नाही. हाक आली आणि यानं ओ दिली, की झालेले दिवस गेले. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून."

मला तेव्हा खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. डॉक्टर झाले होते, माळ झाली होती, राजलक्ष्मीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा झाल्या होत्या. म्हटलं, पांडवांनाही बघू दे एकदा.

आणि तुम्ही गेलात. गोण्या ओढायचा हूक फडक्यात गुंडाळून शमीला बांधलात, पाया पडलात, मागं न बघता चुलीकडे गेलात. मी पायरीवर उभी होते. दोन महिन्यांत परत येतील, असंच तेव्हा मनात होतं. तुम्ही राहिलात. आषाढात तात्या तिकडे आले आणि सवयीनं तीनदा हाक मारून बसले, मग स्वतःच्या तोंडात मारून घेतली. तुम्ही पळी फिरवत राहिलात म्हणे, मानसुद्धा वर केली नाहीत. ही गोष्ट त्यांनी अख्ख्या मार्केटात सांगितली.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. गेले तीन रविवार बसतेय, आणि लिफ्ट, रंजिता, भाकऱ्या एवढं झालं की कागद फाडतेय.

तुम्ही गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी वाशीहून कप आणले. काचेचे, निळ्या फुलांचे, सहा. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण लग्नात आईनं दिलेले कप एकेक करून फुटल्यावर मी घरात काच आणायचीच सोडून दिली होती. स्टीलला नुसता पोचा येतो. ते सहा कप मी मांडणीवर समोर ठेवले आणि रोज संध्याकाळी बघायचे, सहाच्या सहा आहेत. कुणाला सांगितलं नाही हे. दाराची कडी वाजली की राजलक्ष्मी पुस्तक उचलून आत पळायची, ते बंद झालं. फेब्रुवारीत तिच्या मैत्रिणी घरी आल्या. पहिल्यांदाच. चौघीजणी होत्या, त्या निळ्या कपांतून चहा प्यायल्या आणि मोठ्यानं हसल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसतं ऐकत होते.

माझी उजवी करंगळी अजून सरळ होत नाही. भाकरी थापताना ती एकटी वर राहते, नवी बाई हसते. ती कशानं वाकडी झाली हे तुम्हाला आठवतं का, मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही, नुसतं लिहितेय.

मागच्या वर्षी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भंडारा होता. आम्ही दोघी आलो होतो. तुम्ही पंगतीत आमटी वाढत होता. खांद्यावर पंचा, चेहऱ्यावरची सूज गेलेली, डोळे स्वच्छ. एवढा सुंदर माणूस आपल्या घरात होता हे मी विसरूनच गेले होते. मी बायकांच्या बाजूला खांबाशी बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "तुमचे का ते? सोनं झालं हो! आता दीड महिना राहिला फक्त."

दीड महिना. माझ्या डोळ्यांपुढं ते सहा कप आले.

आणि मी हाक मारली. उभं राहून, मोठ्यानं, तुमच्या नावानं. सगळी पंगत थांबली.

सगळे म्हणाले, माया अनावर झाली बिचारीची, तोंडातून निघून गेलं. काशीबाईंनी मला जवळ घेतलं, त्या रडल्या. आता नवं कुणी अज्ञात धरायला आलं की त्या घरच्या बायकांना माझी गोष्ट सांगतात. या चैत्रात लांबून बघायला आले होते, तर साताऱ्याकडची एक म्हातारी माझ्या पाया पडली. "तुझ्यासारखी माया माझ्या सुनेला येऊ दे," म्हणाली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मला एक सांगा, आमच्याकडच्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव चुकून निघतं का हो? लग्नात उखाण्यात घेतलं, तेही तीनदा अडखळून. राजलक्ष्मीच्या बारशाला घेतलं. त्यानंतर कधी नाही. बँकेत विचारलं तर मी पासबुक पुढं करते, दवाखान्यात विचारलं तर पोरीला कोपरानं ढोसते. जे नाव जिभेवर कधी बसलंच नाही ते घसरणार कुठून? ते मी आणून ठेवलं होतं. एसटीत वाईपर्यंत मनातल्या मनात घोकत आले होते. हाक मारीनच असं ठरवलं नव्हतं, पण सोबत घेऊन आले होते, हे खरं.

मला आणखी एक वर्ष हवं होतं. तुमच्याशिवाय. एवढंच आहे ते. दोन ओळींत मावलं, आणि लिहायला वर्ष लागलं.

परतीच्या एसटीत राजलक्ष्मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, तू मुद्दाम मारलीस ना हाक?" तिनं माझा हात हातात घेतला, तीच करंगळी धरली, आणि नेरूळ येईपर्यंत सोडली नाही. तेव्हापासून आम्ही दोघी यावर एक अक्षर बोललेलो नाही.

तुम्हाला वाटेल, मग आता का लिहितेय. कारण दसरा अठरा दिवसांवर आलाय. त्या दिवशी सोनं वाटून झालं की घरच्या माणसानं शेवटच्या पायरीशी उभं राहून नावानं हाक मारायची, मगच माणूस खाली उतरतो. कुणीच नाही मारली, तर तो देवळाचा होऊन राहतो. ती हाक तात्यांना मारता येत नाही, राजलक्ष्मी म्हणते ती मारणार नाही, ते माझं काम आहे. म्हणजे मीच. ज्या तोंडानं तुमचं एक वर्ष घालवलं त्याच तोंडानं बोलवायचं, आणि तुम्ही काही माहीत नसताना उतरून यायचं, गुलाल उधळून घ्यायचा, हे मला जमणार नाही. तुम्हाला कळूनच काय ते व्हायला हवं.

या, असं लिहायला जाते तर हात थांबतो. येऊ नका लिहायला जाते तरी थांबतो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण मागच्या महिन्यात तात्या भंडाऱ्याहून तुमच्या हातची आमटी डब्यात घेऊन आले. शिळी झाली होती. मी गरम केली. राजलक्ष्मीनं भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, आणि म्हणाली, "ही कुणीतरी चाखून, थांबून, परत चाखून केलीय." मग डबा बोटानं पुसून खाल्ला पोरीनं. मी तिच्या ताटाकडे बघत बसले. आमच्या घरात राहून तुम्ही कशाची चव घेतली होती कधी? जो माणूस चाखून बघतो तो जागा असतो. त्या माणसाची आणि माझी ओळख नाही. ती व्हावी असं वाटतं. वाटतं, हे खरं आहे.

आणि एक विचारायचं राहतंय. तात्यांनी तीन हाका मारल्या तेव्हा तुम्ही हललाही नाहीत. माझी हाक एकच होती. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पळी खाली ठेवलीत, माझ्याकडे नीट बघितलंत, आणि मग "ओ" म्हणालात. दचकून नव्हे. तुम्ही ओ का दिलीत? नुसतं गप्प राहिला असता तर मागच्याच दसऱ्याला सुटला असता. एक वर्षभर मी याचं उत्तर शोधतेय.

काय असेल ते लिहा. शिव्या असतील तर शिव्या लिहा, त्यांना नाव लागत नाही.

तुमच्या घरातली, आणि तुम्हाला घराबाहेर ठेवणारी,
सत्यभामा


शमीवाडी,
शनिवार, २० सप्टेंबर

सत्यभामा,

तुला आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण मी कोण आशीर्वाद देणार. नमस्कारच करतो.

पत्र मिळालं. काशीबाईंनी उघडलं नव्हतं. मी शमीखाली बसून वाचलं. आज डाळीला मीठ दोनदा पडलं, पांडव पाणी पीत बसतील. मला लिहायची सवय नाही, चुकेल तिथं समजून घे.

तब्येत बरी आहे. वीट रोज शेकतो.

तू विचारलंस ते सांगतो. तात्याची हाक ऐकू आली होती. ती मार्केटातली हाक होती, गोणी उचल म्हणायची. तिला ओ नाही दिली. जड गेलं नाही.

तुझी हाक आली तेव्हा आधी कळलंच नाही कुणाची ते. तुझ्या आवाजात ते नाव मी दोनदाच ऐकलेलं. मग बघितलं. तू खांबाशी उभी होतीस. हात पदरात घट्ट धरलेले. तोंड बघितलं तुझं. ते तोंड मी ओळखतो. मी जिना चढताना तू दार उघडायचीस तेव्हा असायचं ते. तेव्हा मी बघायचो नाही, पण दिसायचं. म्हटलं, ही आपल्याला बोलवत नाहीये. ही काहीतरी मागतेय, आणि मागायला तिला दुसरा शब्द सापडला नाही.

घरात असताना तू काही मागितलंस आणि मी दिलं, असं एकदाही आठवेना. पळी हातात धरून आठवत होतो. नाही आठवलं. म्हटलं, हे एक देता येतंय. म्हणून ओ दिली.

तेव्हा तू मनात काही ठेवू नकोस. तू माझं वर्ष घालवलं नाहीस. ते मी दिलं. आणि दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा खरं गेलं. पहिल्या वर्षी मी दिवस ढकलत होतो, कधी सुटतो म्हणून. दुसऱ्या वर्षी आमटी करायला शिकलो. लक्ष्मीला आवडली हे तीनदा वाचलं.

करंगळी मला आठवते. आठवत नाही असं दाखवत आलो इतकी वर्षं. त्या दिवशी काय झालं ते सगळं आठवतं, तू कोणती साडी नेसली होतीस तेही. हे तुझ्यासमोर बसून बोलायला हवं होतं. आता कागदावर लिहिलं, तेवढं तरी झालं. माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू पुष्कळ दिलंयस.

तात्याला टेम्पो सांगू नकोस. गुलाल नको. त्याला म्हणावं, कामावर जा.

कप आहेत तसेच राहू देत. आलो तर मी स्टीलच्या पेल्यातून पिईन, वर्ष, दोन वर्षं, तू म्हणशील तोवर. कप मी फक्त धुवीन, आणि तेही तू बघत असताना.

दसऱ्याला तू आली नाहीस तर मी इथंच राहीन. राग धरून नाही, आणि पिणारही नाही. चूल आहे, माणसं जेवतात, बरं चाललंय माझं. तुझं घर तुला लाभलंय, ते मला कळतं. लक्ष्मीला भंडाऱ्याला पाठव अधूनमधून, आमटी देईन. येणार असलीस तर घाईनं येऊ नकोस. सोनं वाटून व्हायला दुपार होते.

इथं खाली सही करायची असते. माझ्याकडं नाव नाही. ते तुझ्याकडं आहे. यावंसं वाटलं, तरच घेऊन ये.